तीन पार्सल आणि सात वर्षे : नागपुरातल्या एका हप्तावसुलीचे प्रकरण

वही दोनशे पानी होती. पुढून उधारी आणि मागून ‘ते’. गल्ल्यावर बसणाऱ्या सूनबाईंनी त्या पोरांचं नाव वहीत कुठेच लिहिलं नव्हतं. ‘ते आले. ४ मटन, १ खिमा, १२ भाकरी. पैसे नाही.’ खाली तारीख आणि वेळ. अशा नोंदींची सहा पानं भरली, तेव्हा त्या सासऱ्यांना घेऊन माझ्याकडे आल्या. मी फौजदारी वकिली करतो, नागपूरच्या न्यायमंदिरात बसतो, आणि फिर्यादीपेक्षा आरोपीचीच कामं जास्त करतो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे मी जे म्हणेन ते कोणत्या बाजूने आलं याचा अंदाज वाचणाऱ्याला राहील.

पूर्व नागपुरातलं हे सावजी भोजनालय. दहा टेबलं, मागे भटारखाना, संध्याकाळी सातनंतर पार्सलसाठी उभी गर्दी. काका साठीच्या पुढचे, मुलगा बाजारहाट पाहतो, सून गल्ला सांभाळते. ओळख पटू नये म्हणून ठाण्याचं नाव घेत नाही, रकमा आणि काही खुणा बदलल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र बदललेला नाही, कारण हे सगळं प्रकरण त्या क्रमावरच उभं आहे.

२०२४ चा पोळा तोंडावर आला होता तेव्हाची सुरुवात. चार पोरं जेवायला यायची, उठताना काउंटरवर बोटं वाजवून म्हणायची, ‘काका, लिहून ठेवा.’ एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदाही झालं. यात धमकी नाही, शिवी नाही. सावजीत उधारीवर जेवणारे अर्धे शहर आहे, त्यामुळे काकांनीही मनावर घेतलं नाही.

मग मारबतीचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा, दिवस आला. सकाळपासून इतवारी-जगनाथ बुधवारीकडे सारं नागपूर लोटलेलं, काळी-पिवळी मारबत, बडगे, ‘घेऊन जा गे मारबत’च्या आरोळ्या. रात्री साडेनऊला त्या चौघांतला पुढारी पोरगा दोघांना घेऊन आला. या वेळी हातात पावतीबुक होतं. गणपती मंडळाची वर्गणी, अकरा हजार. मंडळाचं नाव होतं, नोंदणी क्रमांक नव्हता, धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचा तर प्रश्नच नाही. काकांनी पाचशे एक पुढे केले. पोराने पावती फाडली, चुरगाळली आणि काउंटरवर ठेवली.

‘अकरा म्हणजे अकरा काका. अन् हे वर्षाचं नाही, महिन्याचं आहे. धंदा करून राहिले न तुम्ही इथं? मग आमच्याकडंही पाहा लागते. नाही त तुमच्या टेबल-खुर्च्या रस्त्यावर दिसतीन.’

काका गप्प. पोरगा जाता जाता वळला आणि सूनबाईंना म्हणाला, ‘तीन मटन पार्सल बांधून द्या. बिल नका काढू.’

त्यांनी बांधून दिलं. धमकी ते पार्सल यांमध्ये अंतर चार मिनिटांचं. वहीत त्या दिवशी एवढंच आहे : ‘धमकी दिली. ११,००० मागितले. ३ पार्सल नेले.’ पुढे दोन महिने मी ज्या वाक्याभोवती फिरत राहिलो, ते हे तिसरं वाक्य.

दुसऱ्या दिवशी काका ठाण्यात गेले. तिथे त्यांची एनसी लिहून घेतली गेली, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. शिवीगाळ आणि धमकी. ती एनसी मी नंतर पाहिली. त्यात पैसे मागितल्याचा शब्दच नव्हता. अंमलदाराने मुद्दाम गाळला की गणपतीच्या बंदोबस्ताच्या धांदलीत लिहायचा राहिला, ते मला सांगता येणार नाही. पण तो एक शब्द गळल्यामुळे दखलपात्र गुन्हा अदखलपात्र झाला. खंडणीसाठी भीती घालणं, पैसे मिळाले नाहीत तरी, दखलपात्रच आहे. एफआयआर त्याच दिवशी व्हायला हवा होता. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात सांगून दहा वर्षं झाली होती.

एनसी घेऊन काका परत आले, आणि पोरांना ते कळलं. ठाण्याबाहेरच्या पानठेल्यावर बातम्या लवकर पोचतात. गणपती बसल्यावर पोरगा पुन्हा आला आणि या वेळी हसत आला. ‘काका, ठाण्यात जाऊन आले म्हणे. काय झालं मग?’ त्या दिवशी काकांनी पाच हजार दिले. गल्ल्यात रोख कमी होती म्हणून मुलाने फोनवरून पाठवले, पोराने सांगितलेल्या नंबरवर. तो नंबर त्याच्या मित्राचा. काकांना या पाच हजारांची लाज वाटत होती, इतकी की पहिल्या भेटीत त्यांनी मला ते सांगितलंच नाही. सूनबाईंनी वही उघडून दाखवली तेव्हा कळलं.

तिसरा प्रसंग दसऱ्यानंतरचा. दीक्षाभूमीची गर्दी ओसरली होती, कोजागिरी व्हायची होती. काकांनी दुसरा हप्ता द्यायला नकार दिला. पोराने खिशातून चाकू काढला, उगारला नाही, काउंटरवर ठेवला, आणि सूनबाईंना म्हणाला, ‘वहिनी, पोरगी कोणत्या शाळेत जाते, रिक्षा किती वाजता येते, माहीत आहे आम्हाले.’ चाकू उचलला आणि निघून गेला.

मग ते माझ्याकडे आले.

इथे थोडा वेळ कायद्यात घालवावा लागेल, कारण या प्रकरणाची गोम तिथेच आहे.

जुन्या भारतीय दंड संहितेत खंडणीला कलम ३८४ खाली जास्तीत जास्त ३ वर्षं होती. १८६० पासून ती तशीच चालत आली. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खंडणीची सगळी कलमं ३०८ मध्ये एकत्र आली. ३०८(२) मध्ये साध्या खंडणीची कमाल शिक्षा ७ वर्षं झाली, दुपटीहून जास्त. ‘खंडणीखोरांना आता सात वर्षं’ हे वाक्य तेव्हा न्यायालयातल्या वकिलांच्या बार रूमच्या चहावर मीही दोनचारदा बोललो असेन.

पण खंडणी कशाला म्हणायचं? व्याख्येत भीती आहे आणि त्या भीतीपोटी मालमत्ता दुसऱ्याच्या हवाली करणंही आहे. दोन्ही असल्याशिवाय खंडणी पूर्ण होत नाही. आयझॅक इसांगा मुसुंबा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ शब्दांत सांगितलं आहे : धमकीमुळे काही दिलंच गेलं नसेल तर खंडणीचा गुन्हा होत नाही. मग मागितली पण मिळाली नाही, तर? त्यासाठी वेगळं कलम. पूर्वीचं ३८५, आताचं ३०८(३). त्याची शिक्षा पूर्वी २ वर्षं होती. आता किती? २ वर्षंच. आणि गुन्हा जामीनपात्र.

हे मी काकांना समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे वकीलसाहेब, पैसे देऊन आलो असतो त त्याले सात वर्ष, अन् न देता ठाण्यात गेलो त दोन?’

हो. कायद्याचा तर्क आहेच. पूर्ण गुन्हा आणि अपुरा गुन्हा यांची शिक्षा सारखी नसते, हे फौजदारी कायद्याचं जुनं तत्त्व आहे. पण खंडणीत ‘अपुरा’ राहिलेला गुन्हा म्हणजे काय? कुणीतरी पैसे न देता पोलिसांकडे गेला. आपल्याला हवा असलेला नागरिक नेमका हाच. वाढलेली शिक्षा त्याच्या वाट्याला आली नाही. ती आली पैसे देऊन बसलेल्याच्या वाट्याला, आणि तो सहसा ठाण्याची पायरी चढत नाही. काका तर लाजेने वकिलालाही सांगत नव्हते.

वरची पायरीही पाहू. ठार मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची भीती घालून मागणी केली तर ३०८(४), ७ वर्षंपर्यंत; त्या भीतीने वसुली झालीच तर ३०८(५), १० वर्षंपर्यंत. जुन्या ३८७ बद्दल, म्हणजे आताच्या ३०८(४) बद्दल, सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बालाजी ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलं की तिथे पैसे हातात पडलेच पाहिजेत असं नाही, भीती घातली एवढं पुरे. ते प्रकरण एका सुपारीच्या व्यापाऱ्याचं होतं. आम्ही फिर्याद लिहीत होतो तेव्हा हा निकाल आला नव्हता.

आता आमचा पोरगा. त्याने ‘मारून टाकीन’ म्हटलं का? नाही. ठाण्यात सूनबाईंना दोनदा विचारलं गेलं, ‘जीवे मारतो म्हणाला का?’ त्या दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणाल्या, कारण तो म्हणाला नव्हता. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर शहाणपणाने ‘हो’ म्हणून गेला असता. हप्तावसुलीत मुरलेली पोरं असंच बोलतात. शाळेचं नाव घेतात, रिक्षाची वेळ सांगतात. कायदा विचारतो भीती कोणती, आणि ठाण्यात विचारलं जातं शब्द कोणते. पहिल्या एफआयआरमध्ये ३०८(४) आलं नाही ते यामुळे.

तेव्हा माझ्या हातात काय होतं? मारबतीच्या रात्रीची मागणी : पैसे दिले नाहीत, म्हणजे ३०८(३). गणपतीतले पाच हजार : दिले, म्हणजे ३०८(२), पण पैसे तिसऱ्याच्या खात्यावर, त्या दिवशी पोरगा हसत बोलला, बचाव पक्ष म्हणणार ‘वर्गणी दिली’. चाकूची रात्र : पुन्हा ३०८(३), कदाचित ३०८(४). आणि ती तीन पार्सलं.

मटन ही मालमत्ता आहे का? बार रूममध्ये मी हे बोललो तेव्हा हशा पिकला. एका ज्येष्ठ वकिलांनी विचारलं, ‘भाकरीसकट का?’ पण जंगम वस्तू म्हणजे मालमत्ताच, आणि शिजवलेलं मटन जंगम नाही असं कुणी म्हणणार नाही. खरा प्रश्न क्रमाचा. आधीची तीन जेवणं धमकीच्या आधीची, म्हणून ती उधारीच. ही पार्सलं धमकीनंतर चार मिनिटांनी, ‘बिल नका काढू’ म्हणून, घाबरलेल्या बाईच्या हातून गेलेली. भीती आहे आणि हवाली करणंही आहे. किंमत नऊशे साठ रुपये. व्याख्येत किमान रकमेची अट नाही.

म्हणून मी पोलीस उपायुक्तांकडे जो अर्ज दिला, त्यात अकरा हजारांच्या आधी तीन पार्सलं लिहिली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर वरिष्ठांकडे लेखी जाता येतं, तिथेही नाही झालं तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे. दंडाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागलं नाही. उपायुक्तांच्या कार्यालयातून फोन गेला आणि पाचव्या दिवशी एफआयआर झाला : ३०८(२), ३०८(३), धमकीसाठी ३५१, आणि समान हेतूसाठी ३(५).

३०८(२) आल्यामुळे काय काय बदललं? पहिलं, गुन्हा अजामीनपात्र झाला. दुसरं, ३ वर्षांपासून ७ वर्षांच्या आतल्या गुन्ह्यात नव्या संहितेने पोलिसांना चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा दिली आहे. ७ वर्षांचा गुन्हा त्या मुभेबाहेर पडला. तिसरं, ७ वर्षं व त्यावरच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी यावं अशी तरतूद आहे, जी राज्यांनी पाच वर्षांच्या मुदतीत टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे. आमच्याकडे पथक आलं नाही. पंचनाम्याचं चित्रीकरण मात्र झालं, आणि भटारखान्यातली कढई त्यात अगदी स्पष्ट दिसते.

न बदललेलं आणखी मोठं आहे. अटकेचं घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने ७ वर्षंपर्यंतच्या गुन्ह्यांत अटक गरजेपुरतीच करावी, एरवी नोटीस द्यावी, असं बंधन घातलं. ३ वर्षांवरून ७ वर गेलेली खंडणी त्या रेषेच्या आतच राहिली, कारण रेषा ‘सात वर्षंपर्यंत’ अशी आहे. पोरगा आणि त्याचा एक साथीदार अटक झाले, पण आरोपीच्या वकिलांनी जामिनाच्या अर्जात पहिलाच मुद्दा हा घेतला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच घेतला असता. अकराव्या दिवशी जामीन झाला. अटी : आठवड्यातून दोनदा ठाण्यात हजेरी, भोजनालयाच्या परिसरात पाय ठेवायचा नाही. दोषारोपपत्राची मुदतही साठच दिवसांची राहिली. नव्वद दिवस १० वर्षांच्या गुन्ह्यांपासून.

शिक्षेचं आणखी गमतीचं आहे. हा खटला दंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना द्यायचा अधिकारच ३ वर्षांचा. त्याहून जास्त द्यावीशी वाटली तर त्यांनी प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं, ज्यांचा अधिकार ७ वर्षांपर्यंत आहे. असं प्रकरण वर गेल्याचं माझ्या वकिलीत मी मोजक्याच वेळा पाहिलं. म्हणजे पुस्तकात ७, आणि निकाल देणाऱ्या खुर्चीच्या हातात ३.

पुरावा गोळा करताना जे सापडलं आणि जे हुकलं, त्याचीही नोंद करतो. भोजनालयाच्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमध्ये पंधरा दिवसांची साठवण. एनसी लिहिली तेव्हा मारबतीच्या रात्रीचं चित्रण त्यात होतं. एफआयआर झाला तेव्हा त्यावर दुसरं चित्रण चढून गेलं होतं. काकांच्या मुलाने ते स्क्रीनवर लावून मोबाइलने टिपून ठेवलं होतं, म्हणजे चित्रणाचं चित्रण. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासाठी दोन भागांचं प्रमाणपत्र लागलं, एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं, सोबत हॅश, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा. ते आम्ही दिलं. पण मूळ नष्ट झालं आहे, आणि उलटतपासणीत तिथेच घाव बसणार हे मला आत्ताच दिसतंय. पार्सल बांधतानाचं त्यात दिसतं. आवाज नाही. चाकूच्या रात्रीचं मूळ चित्रण मात्र शाबूत मिळालं.

आता त्या पोराच्या मागच्या नोंदी. दोषारोपपत्रासोबत आलेल्या यादीत त्याच्यावर तीन जुने गुन्हे होते : एक दंड संहितेच्या ३२४ चा, म्हणजे घातक हत्याराने दुखापतीचा, दोन ३८५ चे. दोन ३८५ म्हणजे याआधीही दोन दुकानदारांनी पैसे न देता फिर्याद दिली होती. कुणीतरी विचारलं, मग मोक्का का नाही? मोक्का म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९ चा. त्यात किमान ५ वर्षं शिक्षा, किमान ५ लाख दंड, जामीन अवघड, दोषारोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत. पण तो लावायला आधीच्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रं लागतात, आणि तीही ३ वर्षं किंवा त्यावर शिक्षा असलेल्या दखलपात्र गुन्ह्यांची. न्याय संहितेच्या कलम १११ मधल्या संघटित गुन्ह्यालाही असाच निकष आहे.

आता मोजा. ३२४ ला ३ वर्षं, तो धरला. दोन्ही ३८५ ना २ वर्षं, दोन्ही गळाले. तीन दोषारोपपत्रं असलेला पोरगा मोक्काच्या हिशेबात एकाच दोषारोपपत्राचा धनी. ज्या दोन दुकानदारांनी छातीठोकपणे पैसे नाकारले, त्यांच्या फिर्यादी या हिशेबात शून्य. टोळी ठरवण्याचे बाकी निकष वेगळेच. हा पहिलाच उंबरा त्याने ओलांडलेला नव्हता.

माझं या प्रकरणातलं म्हणणं काय ते इथेच आलं. खंडणीची शिक्षा वाढवायची तर ३०८(२) चं सातचं दहा करून काही हाती लागणार नाही. हात लावायला हवा तो ३०८(३) ला. ३ वर्षंपर्यंत नेलं तरी दोन गोष्टी होतात : नकार देणाऱ्याची फिर्याद सराईत ठरवण्याच्या हिशेबात धरली जाते, आणि ठाण्यातल्या अंमलदाराला ‘एनसी घेऊ’ म्हणताना दोनदा विचार करावा लागतो. मी तो गुन्हा अजामीनपात्र करा म्हणत नाही. तसं का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका मिस्त्रीचा बचाव केला होता. लेआऊटमधल्या एका बांधकामावर त्याची मजुरी थकली, तो रोज जाऊन ‘पैसे टाका, नाही त काम पाडून टाकीन’ म्हणायचा, आणि मालकाने खंडणीचा गुन्हा टाकला. स्वतःचे हक्काचे पैसे मागणं खंडणी नव्हे, पण तोवर मिस्त्री गजाआड होता का बाहेर, हे कलम जामीनपात्र आहे का यावरच ठरलं. तो बाहेर राहिला. मोजणीत यावं आणि जामीनही मिळावा, हे दोन्ही एका कलमात बसतं.

दोषारोपपत्र दाखल झालं ते डिसेंबरात. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात होतं आणि बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनावरून सभागृह तापलेलं होतं. त्यामागे पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीचा आरोप, पुढे त्यात मोक्का लागला, तो खटला अजून न्यायालयात आहे. सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंदोबस्ताने अडलेले, मी गाडी दूर लावून चालत न्यायालयात गेलो. टीव्हीवर सगळे कडक शिक्षेबद्दल बोलत होते. माझ्या पिशवीत नऊशे साठ रुपयांच्या पार्सलांचा पंचनामा होता.

नागपूरकराला याच न्यायालयात १३ ऑगस्ट २००४ ला काय झालं ते वेगळं सांगायला नको. कस्तुरबानगरात वर्षानुवर्षं वसुली, मारहाण, अत्याचार करणाऱ्या अक्कू यादवला बायाबापड्यांच्या जमावाने भर न्यायालयात संपवलं. त्याला अटक झालीच नव्हती असं नाही. पकडला जायचा आणि सुटून यायचा. त्या घटनेचं कौतुक मी वकील म्हणून करू शकत नाही. पण जामिनाच्या दिवशी काकांनी मला विचारलं, ‘तो अकरा दिवसात घरी, अन् आम्ही?’ तेव्हा मला कस्तुरबानगर आठवलं, हे नाकारत नाही.

पोलिसांनी दुसऱ्या बाजूने हद्दपारीचा प्रस्ताव पाठवला. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दोन वर्षांपर्यंत तडीपार करता येतं. एमपीडीए या धोकादायक व्यक्तींविरुद्धच्या कायद्याखाली एक वर्षापर्यंत स्थानबद्धही करता येतं, पण त्या फायलीला सल्लागार मंडळापुढे टिकावं लागतं आणि एवढ्या नोंदींवर ती टिकली नसती. तडीपारीत पोरगा भंडारा रोडने जिल्ह्याबाहेर जातो, आणि फोन तर नागपुरातच लागतो. तरीही काकांच्या गल्लीतल्या लोकांना सर्वांत जास्त दिलासा मिळाला तो या नोटिशीने. खटल्यापेक्षा ही नोटीस त्यांना कळते.

मग समेटाची माणसं आली. अपेक्षितच होतं. पोराची आई आणि मामा, मिठाईचा डबा घेऊन. ‘दादा, पोरगं चुकलं. पाच हजार परत करतो, मटनाचेही देतो.’ आई खरोखर रडत होती आणि काका विरघळले. मला फोन आला, ‘मागे घेता येते का?’ खंडणी तडजोडपात्र नाही. दोघांचं पटलं तरी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो, आणि तिथेही होईलच असं नाही. काकांना मी एवढंच सांगितलं. निर्णय त्यांच्या घरचा होता. त्या रात्री घरात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. सकाळी सूनबाईंचा फोन आला, ‘साहेब, डबा वापस पाठवला.’

त्याआधीच त्यांचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून घेतला होता, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली. खंडणीच्या खटल्यात हे पहिल्या महिन्यात करून टाकावं असं माझं मत झालं आहे. साक्षीदार फितूर होतो तो न्यायालयात, पण त्याला फितूर करणं गल्लीत महिनोन् महिने चालू असतं. साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करायचं मी सुचवलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू केलेली ही योजना, आता नागरिक सुरक्षा संहितेत राज्यांवर तिची जबाबदारीही टाकली आहे. सूनबाईंनी विचारलं, ‘पोलीस भोजनालयात बसतीन का?’ मी म्हटलं, ‘फेरी मारतील, नंबर देतील, गरज पडली तर माणूसही.’ त्या म्हणाल्या, ‘पोलीस बसले त गिऱ्हाईक नाही येत साहेब.’ अर्ज केला नाही.

आरोप निश्चितीच्या दिवशी बचावाचा युक्तिवाद मला ठाऊक होता तसाच आला : नऊशे साठ रुपयांच्या मटनासाठी सात वर्षांचं कलम? सरकारी वकिलांनी व्याख्या वाचली, क्रम दाखवला, चार मिनिटं दाखवली. न्यायालयाने ३०८(२) आणि ३०८(३), दोन्हीखाली आरोप ठेवले. चाकूच्या रात्रीसाठी ३०८(४) वाढवायचा आमचा अर्ज साक्षीपुराव्यानंतर विचारात घेऊ म्हणून ठेवून दिला. पोराच्या नोंदीत आता ७ वर्षांच्या कलमाचं एक दोषारोपपत्र आहे, आणि न्यायालयाने त्याची दखल घेतली आहे. ३२४ आणि हे, मिळून दोन. पुढचा कुणी दुकानदार फिर्याद द्यायला गेला तर हिशेब एकावर अडणार नाही.

वही मुद्देमालात जमा आहे. तिच्या पुढच्या बाजूची उधारी काकांना आठवणीतून नव्या वहीत उतरवावी लागली; चार गिऱ्हाइकांनी स्वतःहून येऊन आपापला आकडा सांगितला, दोघांनी कमी सांगितला असं काकांचं म्हणणं आहे. डीव्हीआर बदलून साठ दिवसांच्या साठवणीचा घेतला. मुलीची रिक्षा बदलली. पुढची तारीख सूनबाईंच्या साक्षीची आहे.